मोहिमेवर गेलेल्याची लावणी

लावणी म्हटलं की घुंगरू, नऊवारी आणि उडणारे फेटे आठवतात. पण उत्तर पेशवाईतल्या लावण्या वाचायला घेतल्या की एक बाई वारंवार भेटते. तिचा माणूस मोहिमेवर गेलाय आणि ती दिवस मोजतेय. अभ्यासक तिला विरहिणी म्हणून शृंगाराच्या खात्यात टाकतात. मला ती लढायांच्या इतिहासातली वाटते.

मराठी फौजेचं वेळापत्रक शेतीवर बेतलेलं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कुणबी शिपाई बाहेर पडायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा. पुढे मोहिमा उत्तरेत लांबल्या आणि पाऊस आला तरी माणूस येईना. पेरणी कुणी करायची? लावणीतल्या बाईची तक्रार इथूनच सुरू होते.

पोवाडा सरदाराचं नाव राखतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, आष्टीला, बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. टेंभुर्णीपासून ते गाव फार लांब नाही. बापूंचं नाव राहिलं, पण सोबत पडलेल्या शिपायांची घरं कुठं होती, हे कोण सांगणार? त्या घरांची थोडीफार खबर लावणीतच मिळते.

या लावणीकारांत सोलापूरचे राम जोशी होते, तसे जेजुरीचे सगनभाऊही होते. सगनभाऊ मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवार घेऊन जाणारा त्यांचं गिऱ्हाईक आणि मागं राहिलेली त्यांच्या लावणीची नायिका. त्या काळी त्यांची लावणी ऐकताना कुणी त्यांचा धर्म विचारत बसलं नसावं.

अर्थात, हे सगळे पुरुष बाईच्या तोंडून बोलत होते. तिचं स्वतःचं बोलणं जात्यावरच्या ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत ती नवऱ्यापेक्षा भावाला आणि लेकाला जास्त आळवते. दरबारी रसिकाला हे ऐकायचं नव्हतं.

पुढे फौजा गेल्या, पण घर सोडणं संपलं नाही. मोहिमेची जागा मुंबईच्या गिरण्यांनी घेतली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली'मधला कामगार त्याच शिपायाचा वारस. त्या गाण्यात गावाकडे राहिलेल्या मैनेचा विरह पुढे बेळगाव-कारवारच्या विरहाशी जोडला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून हा आवाज घुमवणारे अण्णा भाऊंचे साथी अमर शेख. तेही आमच्याच जिल्ह्यातले, बार्शीचे.

सगनभाऊ ते अमर शेख या वाटेवर मागं राहिलेल्या बाईची आठवण शाहिरांनी ठेवली. बखरींनी ती ठेवली नाही.