व्यापारी संगणनातील भाषानिवड : कंपाइलर की इंटरप्रिटर (परभणी जिल्हा)

प्रोग्रॅममधील आज्ञा कंपाइलर आधीच एकदा उलगडून ठेवतो. इंटरप्रिटर त्या चालवताना दर वेळी ओळीओळीने वाचतो. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील व्यापारी हिशेबात ही निवड मुख्यतः डीबेस-भाषेच्या निमित्ताने पुढे आली, म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

डीबेस व क्लिपर : ॲश्टन-टेट कंपनीचे डीबेस थ्री (१९८४) व थ्री प्लस (१९८५) इंटरप्रिटरवर चालत. त्याच भाषेसाठी नॅनटकेट कंपनीने १९८५ मध्ये क्लिपर आणले. त्याची ‘समर ८७’ ही आवृत्ती विशेष गाजली. भाषा एक, माहिती साठवणारी डीबीएफ फाइलही तीच, फक्त चालवण्याची पद्धत वेगळी. तुलनेला इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यातील पट्टी घ्या. वजन, भाव, हमाली, तोलाई अशी तिची मांडणी. हमालीचा दर बदलला तर डीबेसमध्ये ‘मॉडिफाय कमांड’ देऊन आकडा बदलायचा आणि लगेच ‘डू पट्टी’ म्हणायचे. क्लिपरमध्ये प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून, लिंक करून नवी ईएक्सई (थेट चालणारी फाइल) फ्लॉपीवरून दुकानात न्यावी लागे. (दर प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळ्या डीबीएफमध्ये ठेवणे हा यावरचा खरा उपाय. दोन्ही पद्धतींत तो चालतो आणि दोन्हींत तो टाळला जातो.)

मात्र डीबेस अडखळले की ‘कॅन्सल, इग्नोअर ऑर सस्पेंड’ असे विचारी. मुनिमाने एस दाबला की प्रोग्रॅम थांबून पडद्यावर नुसते टिंब येई. तेथे ‘झॅप’ लिहून एक होकार दिला, तर उघडी असलेली खतावणी रिकामी. क्लिपरच्या ईएक्सईत असे टिंब नव्हतेच. व्याकरणाची चूकही क्लिपर कंपाइल करतानाच दाखवी. डीबेसमध्ये फक्त ताळेबंदाला लागणारी चुकीची ओळ मार्चअखेरपर्यंत दडून राहू शके.

वेगाला जाहिरातींत फार महत्त्व मिळाले. दुकानाच्या कामात बराच वेळ डिस्क आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खात. तेथे कंपाइलरचा फायदा मर्यादितच. क्लिपर खऱ्या अर्थाने कंपाइलर होते का, याबद्दलही मतभेद आहेत, कारण त्याच्या ईएक्सईत यंत्रभाषेपेक्षा मधल्या पायरीचा पी-कोड असे.

मूळ प्रोग्रॅमचा ताबा : प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हाच निर्णायक निकष. डीबेसच्या पीआरजी (मूळ प्रोग्रॅमच्या) फाइली सामान्यतः गिऱ्हाइकाच्या यंत्रावरच राहत; गावातला दुसरा जाणकार त्या उघडून वाचू शके. क्लिपरमध्ये बहुधा फक्त ईएक्सई हाती येई आणि पीआरजी लिहिणाऱ्याकडेच राहत. तो गाव सोडून गेला की प्रोग्रॅम गोठला. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी देशभर जीएसटी. करआकारणीची रचनाच बदलल्यावर पीआरजी नसलेल्या दुकानदाराला सगळे नव्याने लिहून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. व्यवहार ठरवताना पीआरजी लेखी मागून घेणे, ही अट भाषेच्या निवडीआधी यायला हवी होती.

इ. स. २००० : डीबीएफमध्ये तारीख आठ अंकी साठवली जाते. त्यामुळे खरी अडचण दोन अंकी वर्ष भरण्याची होती. क्लिपर ५ मध्ये ती ‘सेट इपॉक’ या एका ओळीने सुटे. पण ती ओळ घालायलाही पीआरजीच लागे.

देवनागरी : पुण्याच्या सी-डॅकच्या (स्था. १९८८) जिस्ट कार्डामुळे डॉसवरील प्रोग्रॅमांत खातेदारांची नावे मराठीत दिसू लागली. कार्ड पडदा व कळफलक यांच्या पातळीवर काम करी, त्यामुळे भाषानिवडीवर त्याचा परिणाम झाला नाही.

कोबोल : कंपाइल होणारी भाषा, मोठ्या कार्यालयांत व बँकांत.

टॅली : तयार पॅकेज (१९८६ पासून). टीडीएल या त्याच्या भाषेतील भर साध्या मजकुराच्या फाइलीत किंवा कंपाइल केलेल्या टीसीपी फाइलीत देता येते. मूळ मजकूर कोणाकडे, हा प्रश्न तेथेही उरतोच.

सद्यःस्थिती : जावा व पायथन यांच्यामुळे दोन पद्धतींमधली सीमा पुसट झाली आहे. डॉससाठीच्या क्लिपर ईएक्सई ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या साधनाचा आधार घ्यावा लागतो. पीआरजी जपलेली असल्यास हार्बर (१९९९ पासून) या मुक्त कंपाइलरवर ती पुन्हा कंपाइल करता येते.