सोन्याचे नाणे आणि गव्हाचा भाव

हिंगोली : साधी तलवार पंधरा सुवर्णमुद्रांना, कोंबडी तांब्याच्या दोन नाण्यांना आणि मजुराचा दिवस चांदीच्या दोन नाण्यांना. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतील हे दर आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला आणि टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांची परंपरा त्यातून सुरू झाली. एक खेळाडू सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात आणि फासे टाकत काल्पनिक राज्यात कथा पुढे नेतात. या राज्यात बाजार असतो, पगार असतो, सरायही असते. त्यामुळे तेथील भाव इतिहासाशी कितपत जुळतात, हा प्रश्न अभ्यासू खेळाडूंना नेहमीच पडतो.

या भावांना गायगॅक्स यांनी स्वतः दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात त्यांनी अलास्कातील सोन्याच्या धुंदीचा दाखला दिला. ज्या वस्तीत खिसे सोन्याने भरलेले असतात, तेथे एक अंडेही एक डॉलरला विकले जाते. साहसी वीर भुयारांतून खजिने उपसून आणतात, म्हणून त्यांच्या बाजारातील भाव चढे, असा त्याचा अर्थ. मात्र याच बाजारात राबणाऱ्या मजुराच्या हाती त्या सोन्यातले काय पडते, हा प्रश्न उरतोच.

अकबरकालीन दरांचा आरसा

हा प्रश्न आपल्याकडील साधनांवर तपासून पाहता येतो. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त सोळाव्या शतकाच्या अखेरचे धान्याचे, मसाल्यांचे, शस्त्रांचे दर व मजुरी नोंदवलेली आहे. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतल्यानंतर त्या सुभ्याचे वर्णनही या ग्रंथात आले. त्या वेळी एका रुपयाचे चाळीस दाम होत. गहू बारा दाम मण, तर साध्या मजुराची दिवसाची मजुरी दोन दाम होती. अकबरी मण सुमारे २५ किलोचा धरला, तर एका दिवसाच्या मजुरीत सव्वाचार किलोच्या आसपास गहू येत असे. खेळात गहू एका पौंडाला तांब्याचे एक नाणे आणि मजुरी अशा वीस नाण्यांची, म्हणजे दिवसाला सुमारे नऊ किलो गहू. खेळातील गरीब मजूर अकबराच्या मजुरापेक्षा दुप्पट सुखी ठरतो.

शस्त्रांचे गणित याच्या उलट आहे. 'ऐन'मध्ये तलवारीचा दर अर्ध्या रुपयापासून पंधरा मोहरांपर्यंत दिला आहे. अर्धा रुपया म्हणजे वीस दाम, मजुराची दहा दिवसांची कमाई. खेळातील साधी लांब तलवार घेण्यासाठी मजुराला पंचाहत्तर दिवस राबावे लागते. लोहाराच्या भट्टीतून निघणाऱ्या साध्या मालाला खेळाने फार मोठा मान दिला आहे.

मसाल्यांच्या दरांतून या खेळाचा भूगोल उघड होतो. समान वजनाच्या गव्हाशी तुलना केली, तर खेळात मिरी दोनशे पट महाग आहे; 'ऐन'मध्ये ती सुमारे सत्तावन्न पट आहे. आले खेळात शंभर पट, तर 'ऐन'मधील सुंठ जेमतेम तेरा पट. केशराचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे भरते : खेळात दीड हजार पट, 'ऐन'मध्ये तेराशेच्या पुढे. मिरी आणि आले ज्या देशात पिकते तेथे ते स्वस्त, समुद्रापार ते ऐश्वर्य. खेळाची दरपत्रिका युरोपच्या बंदरावर उभी राहून लिहिली गेली आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठांची ओळख असलेली हळद तर त्या पत्रिकेत नाहीच. 'ऐन'मध्ये ती दहा दाम शेर आहे, म्हणजे गव्हाच्या तेहेतीस पट.

अर्थात 'ऐन'चे हे दर दरबाराच्या भोवतालचे आहेत. औंढा नागनाथ किंवा नर्सीच्या बाजारात तेच दर असतील, असे मानता येत नाही. दख्खनमध्ये धान्य आणि मीठ बंजारा तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरे. किनाऱ्यावरचे मीठ घाट चढून आत येईपर्यंत प्रत्येक मुक्कामाचा खर्च त्यावर चढत असे. खेळात मात्र एकच भाव बंदरातही असतो आणि डोंगरातल्या खेड्यातही.

हाली आणि कलदार

खेळातील नाणेव्यवस्था सरळ दहाच्या पाढ्यावर चालते. तांब्याची दहा नाणी म्हणजे चांदीचे एक, चांदीची दहा म्हणजे सोन्याचे एक. मराठवाड्याचा अनुभव असा सरळ नव्हता. निजामाच्या राज्यात हाली शिक्का हा रुपया चाले, शेजारच्या ब्रिटिश मुलखात कलदार. अखेरच्या काळात सात हाली रुपयांना सहा कलदार, असा हिशेब होता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही काही वर्षे हाली नाणे व्यवहारात राहिले. हिंगोलीत तर १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पगाराची बाकी वाढली की प्रांत हातचा जातो, हे कोणत्याही सूत्रधाराने ध्यानात ठेवावे असे वास्तव आहे.

दुष्काळ नावाचा फासा

या दरपत्रिकांची खरी उणीव दुष्काळात कळते. पाऊस गेला की ज्वारी महागते, नेमके तेव्हाच शेतातील काम संपते आणि चाऱ्यावाचून बैल मातीमोलाने विकावा लागतो. धान्य वर, मजुरी आणि जनावर खाली, अशी ही कात्री असते. बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत संपल्याने माणसे उपाशी मरू शकतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडले. महाराष्ट्राने ते १९७२ च्या दुष्काळात प्रत्यक्ष पाहिले होते. खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढून हाताला मजुरी देणे हाच त्यावरचा उपाय ठरला आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला.

म्हणून काल्पनिक राज्याचा बाजार खरा वाटावा, यासाठी शेकडो वस्तूंच्या याद्या लागत नाहीत. दिवसाच्या मजुरीत किती धान्य येते, हा एक आकडा आधी ठरवावा. त्यावर वाहतुकीचे अंतर, नाण्याचा बट्टा आणि पावसाचे मान चढवत जावे. मग सरायीत सुवर्णमुद्रा टाकणाऱ्या वीराला दाराशी उभा असलेला मजूरही दिसू लागेल. त्या एका मुद्रेत त्याची पाच दिवसांची कमाई असते.