अनुमापन : व्हिनेगरमधील आम्लाचे मापन
गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात. भारतीय अन्ननियमांनुसार व्हिनेगरच्या १०० मिलीलिटरमध्ये किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल हवे; जिभेला हे मोजता येत नाही, अनुमापनाला येते. व्हिनेगरचा मूळ रंग आड येऊ नये म्हणून नमुना दहापट सौम्य करून १० मिलीलिटर, म्हणजे मूळ व्हिनेगर १ मिलीलिटर, शंकुपात्रात घेतात. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडतात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. गडद रंग म्हणजे हात सुटला. खर्ची पडलेल्या प्रत्येक मिलीलिटरमागे ६ मिलिग्रॅम आम्ल. तेव्हा ६.२५ मिलीलिटरपूर्वीच छटा टिकली, तर नमुना कसोटीस उतरत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणून त्याची संहती ऑक्झॅलिक आम्लाने आधी निश्चित करावी लागते.