महसीर-बीजसंवर्धन

नदीतून कमी होत चाललेल्या महसीर माशाची अंडी माणसाच्या देखरेखीखाली फलित करून, पिल्ले वाढवून ती पुन्हा तलावांत व नद्यांत सोडण्याची पद्धत. महाराष्ट्रात हे काम लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटा वीज कंपनीच्या केंद्रात, १९७० च्या सुमारास सुरू झाले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक चं. वि. कुलकर्णी यांचे मार्गदर्शन त्यामागे होते, पुढे एस. एन. ओगले यांनी ते बरीच वर्षे चालवले. भारतातील महसीर-प्रजननाचा पाया मुख्यतः येथे घातला गेला. नदीत मासे सोडताना काय करू नये याचा धडाही याच केंद्राच्या पिल्लांनी दिला, आणि तो कमी मोलाचा नाही.

दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन केले. मोठे खवले, जाड ओठ आणि निळसर पर ही त्याची खूण. वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला लागते. पावसाळ्यात पूर आला की तो उगमाकडे चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. धरणाची भिंत ही चढण तोडते, वाळूउपसा तळच काढून नेतो, आणि सुरुंगाने वा विषाने मासे मारणारे उरलेसुरले संपवतात. वळवणचा योगायोग असा की ज्या कंपनीने विजेसाठी घाटमाथ्यावर धरणे बांधली, तिच्याच तलावांत पुढे जनक मासे मिळाले.

भारतात कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे संप्रेरक टोचून करवलेले प्रजनन, हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात यशस्वी केले. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मात्र रोहू-कटल्याची रीत महसीरला जशीच्या तशी लागू पडत नाही. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांत अंडी देते, महसीरची मादी काही हजारच. शिवाय तिची सगळी अंडी एका वेळी पिकत नाहीत. म्हणून जुलै ते सप्टेंबरच्या हंगामात तलावाच्या मुखाशी जाळी लावून पक्व मासे धरतात. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात काढतात आणि त्यांवर नराचे वीर्य सोडून पिसाने ढवळतात; पाणी त्यानंतरच घालतात. आधी पाणी लागले तर शुक्रजंतू काही क्षणांतच थंडावतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

सोनेरी-पिवळी, दोन-तीन मिलिमीटरची ही अंडी तळाशी बसतात. ती उथळ ट्रेमध्ये पसरून त्यांवरून संथ पाणी वाहते ठेवतात. रोहूची अंडी साधारण १५ ते २० तासांत फुटतात, महसीरला अडीच ते चार दिवस लागतात. तेवढ्या वेळात बुरशीला पुरेशी संधी मिळते, म्हणून पांढरी पडलेली अंडी रोज वेचून काढावी लागतात. फुटून निघालेले जिरे, म्हणजे नवजात पिल्लू, पोटाशी पिवळी पिशवी घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यांत गर्दी करून पडून राहते. पिशवी जिरली की खाद्य द्यायचे आणि बोटुकली झाली की तलावात सोडायची. अंडी सावकाश उबतात याचा एक फायदाही आहे: ती ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात. कुलकर्णी-ओगले यांनी ही युक्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि लोणावळ्याचे बीज देशात दूरवर पोहोचू लागले.

दूरवर पोहोचणे हीच अडचण ठरली. कर्नाटकातील कावेरीत गळाने मासे धरणाऱ्यांच्या हौसेसाठी निळ्या परांचा महसीर सोडण्यात आला. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता, पाठीला कुबड असलेला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या फान इंगेन यांनी गळाला लावलेला १२० पौंडांचा प्रसिद्ध मासा त्याच कुळातला. गळाने धरून परत सोडलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि कुबडाचे घटत गेलेले दिसतात. २०१८ मध्ये कुबडाचा महसीर टॉर रेमादेवी असल्याचे निश्चित झाले, आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. दोष उबवणीच्या तंत्राचा नव्हता. मासा चुकीच्या नदीत गेला.

दख्खनचा महसीर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आधी संकटग्रस्त होता, फेरमूल्यांकनात तो कमी चिंतेच्या वर्गात आला. हे सारे एका केंद्राचे श्रेय मानणे धाडसाचे आहे. ज्या प्रसाराने कावेरीचे नुकसान केले, त्यानेच या जातीचा पसाराही वाढवला.

मराठवाड्यात प्रश्न निराळा आहे.  छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येते ते नाथसागराचे, म्हणजे गोदावरीचे पाणी. नाथसागर ज्याचा जलाशय, ते जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. अशा जलाशयांसाठी सरकारी मत्स्यबीज केंद्रांतून मुख्यतः रोहू, कटला, मृगळ यांचे बीज जाते. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या पोटापाण्याचा हिशेब त्यांवर चालतो, म्हणून हे बीज निरुपयोगी म्हणता येत नाही. पण त्याला गोदावरीचे संवर्धन म्हणणेही बरोबर नाही. गोदावरीचा महसीर वाढवायचा तर जनक मासे गोदावरीच्याच खोऱ्यातले हवेत, नर-माद्या पुरेशा संख्येने आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या हव्यात. चार-दोन जोड्यांपासून हजारो बोटुकल्या काढल्या तर नदी भावंडांनीच भरते.

असे जनक मासे बहुधा देवाच्या डोहांत टिकलेले असतात. महाडजवळच्या काळ नदीवरील वाळण कोंडीत आणि वैतरणेवरील तिळसे येथे मासे धरत नाहीत. दोन्ही ठिकाणी महसीर आहे. तिळशाचा मासा गोदावरीसाठी आणावा असे कुणालाही वाटेल, कारण वैतरणा आणि गोदावरी दोन्ही त्र्यंबकच्याच डोंगररांगांत उगम पावतात. पण एक पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते, दुसरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला. तेव्हा तिळशाचे बीज वैतरणेतच सोडावे, आणि गोदावरीसाठी शोध गोदावरीच्याच डोहांत घ्यावा.