विजेते बर्कलीचे, गोष्ट येलची

३० नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेचे एकेचाळिसावे अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश वारले. महायुद्धातले वैमानिक, टेक्सासातला तेलाचा धंदा, सीआयएचे प्रमुखपद, आखाती युद्ध हे सारे त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत ओघाने आलेच. त्यात अनेक ठिकाणी एक वाक्य असे होते की, येल विद्यापीठात शिकत असताना ते बेसबॉल खेळत आणि त्यांचा संघ १९४७ व १९४८ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोचला होता. वाक्य तिथेच संपे. अंतिम फेरीत पोचला म्हणजे तिथे हरला, हे वाचकाने समजून घ्यायचे. कोणाकडून हरला, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही.

१९४७ चा तो विजेता संघ कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे बर्कलीचा होता. अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलचे ते पहिलेच राष्ट्रीय अजिंक्यपद. इतिहास जेते लिहितात असे आपण सर्रास म्हणतो. इथे मात्र जेत्यांची कामगिरी पराभूताच्या चरित्रातली तळटीप होऊन बसली आहे. ती तळटीप थोडी उलगडून पाहावी, एवढ्यासाठी हा लेख.

मुळात पहिले अजिंक्यपद १९४७ इतके उशिरा का, हाच प्रश्न आधी पडतो. अमेरिकेतला महाविद्यालयांमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांत झाला. ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. (दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांची बुद्धिबळाची लढत झाली, तीही ॲमहर्स्टनेच जिंकली. तेव्हाच्या कॉलेजांची खेळाकडे पाहण्याची दृष्टी यातून कळते.) त्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षे देशभरच्या कॉलेजांतला सर्वोत्तम संघ कोणता, हे ठरवायची व्यवस्थाच नव्हती. आपल्याकडे विद्यापीठांच्या क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ मध्येच सुरू झाली होती. अमेरिकेतसुद्धा बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून होत होती. बेसबॉलची अडचण ऋतूची होती. हा खेळ वसंतातला. उत्तरेकडे बर्फ वितळून मैदाने कोरडी होईपर्यंत परीक्षा डोक्यावर येतात आणि खेळाला खरा रंग चढतो तेव्हा मुले पदव्या घेऊन घरी निघालेली असतात. शिवाय व्यावसायिक संघ चांगला खेळाडू पदवीपर्यंत थांबू देत नसत. १९४५ मध्ये महाविद्यालयीन प्रशिक्षकांनी आपली संघटना उभी केली आणि दोन वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा प्रत्यक्षात आली.

स्पर्धा आजच्या मानाने अगदी आटोपशीर होती. देशभरातून आठ संघ. पूर्वेकडचे चार (येल, क्लेमसन, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि इलिनॉय) येलच्या गावी, न्यू हेवनला जमले. पश्चिमेकडचे चार (कॅलिफोर्निया, टेक्सास, ओक्लाहोमा आणि डेन्व्हर) डेन्व्हरला. दोन्हीकडचे विजेते मग तीनपैकी दोन सामने जिंकण्यासाठी समोरासमोर येणार. डेन्व्हरला बर्कलीने यजमानांना हरवले आणि मग टेक्सासला. टेक्सासकडून पिचर म्हणून बॉबी लेन होता. पुढे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित क्वार्टरबॅक झालेला तोच हा लेन. त्याच्यावर मात केली ती बर्कलीच्या वीस वर्षांच्या जॅकी जेन्सनने. या नावाकडे पुन्हा येऊ.

त्या वर्षीच्या संघांकडे पाहताना एक गोष्ट विसरून चालत नाही. हे नेहमीचे कॉलेजकुमार नव्हते. १९४४ च्या जून महिन्यात रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्याने, ज्याला सगळे जी. आय. बिल म्हणतात, लष्करातून परतलेल्यांना शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर दरमहा निर्वाहभत्ता मिळू लागला. सुमारे २२ लाख माजी सैनिक या पैशावर कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तर अमेरिकन कॉलेजांत प्रवेश घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे, ४९ टक्के, माजी सैनिक होते. येलचा पहिल्या बेसवरचा खेळाडू बुश याचेच पाहा. २ सप्टेंबर १९४४ रोजी चिची जिमा या जपानी बेटावर बाँब टाकताना त्याचे विमान पाडले गेले. विमानातले त्याचे दोन्ही सहकारी गेले. समुद्रात पडलेल्या बुशला अमेरिकन पाणबुडीने उचलले. अंतिम सामन्याच्या वेळी त्याला तेविसावे वर्ष पुरे होऊन पंधरा दिवस झाले होते, लग्नाला अडीच वर्षे झाली होती आणि घरी वर्षाचे होत आलेले मूल होते. (ते मूलही पुढे अध्यक्ष झाले.) जेन्सनही ओकलंडच्या शाळेतून नौदलात जाऊन मग बर्कलीत आलेला. असे लोक नवव्या डावात दोन धावांनी मागे पडल्यावर घाबरत असतील, असे मला वाटत नाही.

या आठ संघांच्या स्पर्धेला ‘राष्ट्रीय’ म्हणताना मात्र जरा थबकावे लागते. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली. रॉबिन्सन हा लॉस एंजेलिसच्या, म्हणजे यूसीएलएच्या संघातून खेळलेला. बर्कली ज्या गटात खेळे त्याच गटातला हा संघ. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी बेसबॉल खेळत होता. टेक्सास आणि क्लेमसन या दोन विद्यापीठांत मात्र १९४७ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला दारच बंद होते. टेक्सासचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १९५० मध्ये किलकिले झाले आणि क्लेमसनचे थेट १९६३ मध्ये. जी. आय. बिलाचा पैसासुद्धा स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातून वाटला जाई, त्यामुळे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला तो फारच थोडा आला. पहिल्या अजिंक्यपदाच्या गोष्टी सांगणारे हा भाग बहुधा गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण तेव्हा ‘देशातले सर्वोत्तम’ या शब्दांत देश किती मावत होता, ते यातून दिसते.

अंतिम सामने ठरले मिशिगन राज्यात, कलामझू या गावी. डेट्रॉइट आणि शिकागो यांच्या मधले हे गाव कागदाच्या गिरण्या, औषधे आणि गिब्सन कंपनीच्या गिटारी यांसाठी ओळखले जाई. तिथल्या वेस्टर्न मिशिगन कॉलेजचे हाइम्स फील्ड नावाचे चांगले मैदान होते. आज नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात या स्पर्धेसाठी खास स्टेडियम आहे, सगळे सामने दूरचित्रवाणीवर दिसतात, आणि ‘कॉलेज वर्ल्ड सीरीज’ हे नाव एवढे रुळले आहे की ते नंतर पडले हे लक्षातही येत नाही. कलामझूला यातले काहीच नव्हते.

२७ जूनला पहिला सामना झाला. बर्कलीने तो १७-४ असा एकतर्फी जिंकला. दुसऱ्या दिवशी येलने कडवी झुंज दिली, पण ८-७ अशी एका धावेने बाजी बर्कलीकडेच राहिली. दोन दिवसांत निकाल लागला.

या सामन्यांतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती बुश यांच्या तोंडून. ती समजायला बेसबॉलचे दोन नियम माहीत हवेत. एक, पिचरने चार चेंडू ठरल्या टप्प्याबाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, आणि धोकादायक बॅटरला टाळायचे असेल तर हे मुद्दाम केले जाते. दुसरा नियम नव्हे, तेव्हाची रीत: पिचरकडून फलंदाजीची अपेक्षा नसल्याने तो नवव्या क्रमांकावर, आपल्या भाषेत शेपटाला येई. येलच्या प्रशिक्षकांनी बर्कलीच्या आठव्या बॅटरला असाच मुद्दाम बेस देऊन टाकला, म्हणजे गाठ पडेल ती नवव्याशी, पिचरशी. तो पिचर होता जॅकी जेन्सन. त्याने चेंडू असा फटकावला की, बुश यांच्या सांगण्यानुसार, तो कलामझूत अजून कुठेतरी घरंगळतो आहे. बुश ही गोष्ट अनेकदा सांगत. सांगणाऱ्यागणिक आणि वर्षागणिक असे फटके लांबत जातात, हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको.

मला या गोष्टीत प्रशिक्षकांची मौज वाटते. येलचे प्रशिक्षक ईथन ॲलन हे साधे गृहस्थ नव्हते. तेरा हंगाम व्यावसायिक बेसबॉल खेळलेले, आणि खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवरून खेळायचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ हा बैठा खेळ १९४१ मध्ये बाजारात आणणारे. शक्याशक्यतेचा हिशेब हा त्यांचा प्रांतच होता. आठव्याला सोडून नवव्याशी लढणे हा निर्णय कागदावर अगदी बरोबर होता. पण ह्या संघात शेपूटच डोके होते.

जेन्सनने पुढे काय केले ते पाहिले म्हणजे चूक कुणाच्याही हातून झाली असती हे पटते. १९४८ च्या हंगामात त्याने बर्कलीच्या फुटबॉल संघासाठी हजार यार्डांहून अधिक धाव घेतली आणि १९४९ च्या नववर्षदिनी रोझ बोलमध्ये तो खेळला. १९५० मध्ये यांकीज संघाबरोबर तो व्यावसायिक वर्ल्ड सीरीजमध्ये उतरला. १९५८ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून अमेरिकन लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. सोनेरी केसांचा, देखणा, डायव्हिंगमधल्या ऑलिंपिक पदकविजेतीशी लग्न झालेला हा माणूस वर्तमानपत्रांचा ‘गोल्डन बॉय’ होता. पण त्याला विमानाची भीती होती, आणि ती साधीसुधी नव्हती. संघांचा प्रवास रेल्वेकडून विमानांकडे वळत गेला तशी ती वाढत गेली. संमोहनाचे उपचारही करून पाहिले. १९५९ नंतर त्याने खेळ सोडला, १९६१ मध्ये परत आला आणि पुन्हा सोडला, तो कायमचा. विमान पाडले गेले होते ते बुशचे. तो त्यानंतरही उडत राहिला आणि नव्वदाव्या वाढदिवशी हेलिकॉप्टरमधून पॅराशूट बांधून उडी मारून मोकळा झाला. जेन्सन १९७० च्या दशकात चार वर्षे बर्कलीच्याच संघाचा प्रशिक्षक होता. १९८२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

बुशच्या बाजूने मात्र स्मृती जमत गेल्या. १९४८ मध्ये तो येलचा कर्णधार होता. त्या वर्षी ५ जूनला आजारी बेब रूथ येलच्या मैदानावर आले, त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे हस्तलिखित विद्यापीठाला दिले आणि ते स्वीकारायला बुश पुढे झाला. दहा आठवड्यांनी रूथ वारले. कृश झालेले रूथ आणि गणवेशातला तरुण बुश यांचे ते छायाचित्र नंतर असंख्य वेळा छापून आले. पुढे अध्यक्षीय कचेरीच्या टेबलाच्या खणात बुश आपला कॉलेजातला जुना हातमोजा ठेवत असत, हेही सगळ्यांना माहीत झाले. १९४८ च्या अंतिम फेरीत येलला सदर्न कॅलिफोर्नियाने हरवले. दोन वर्षे, दोन पराभव, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या संघांकडून. तरी स्पर्धेच्या पहिल्या दोन वर्षांची आठवण निघते ती येलचीच. छायाचित्र आणि अध्यक्षपद या दोन गोष्टी हाती असल्या की धावफलक मागे पडतो.

विसर केवळ बाहेरच्यांनाच पडला असता तर मी एवढा लांबलो नसतो. बर्कलीने १९५७ मध्ये अंतिम सामन्यात पेन स्टेटला १-० ने हरवून दुसरे अजिंक्यपद मिळवले. १९४७ च्या संघाचे प्रशिक्षक क्लिंट एव्हान्स यांचे नाव विद्यापीठाच्या मैदानाला दिले गेले, एव्हान्स डायमंड. आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी विद्यापीठाने जाहीर केले की पैशाची तूट भरून काढण्यासाठी काही खेळांचे संघ बंद करणार, त्यात बेसबॉलही. त्या तुटीचा आकडा खरा होता, राज्याचा खजिना रिकामा होता, विद्यार्थ्यांची फी वाढत होती, हे सगळे मान्य. तरीही देशातला पहिला विजेता संघ हिशेबाच्या एका ओळीत मावला.

माजी खेळाडू आणि पाठीराख्यांनी ९० लाख ते एक कोटी डॉलर्सच्या दरम्यान रक्कम उभी केली आणि एप्रिल २०११ मध्ये, हंगाम निम्मा झाल्यावर, संघ राहणार असे ठरले. आपला संघ पुढच्या वर्षी असेल की नाही हे माहीत नसताना ही मुले खेळत होती. पुढे मोठ्या लीगमध्ये नाव कमावलेला मार्कस सिमियन त्यांतलाच. ह्यूस्टनच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या डावात मागून येऊन त्यांनी बेलर विद्यापीठाला ९-८ असे हरवले. पुढची फेरी घरच्या मैदानावर व्हायची, पण एव्हान्स डायमंडवर प्रकाशझोतांची सोयच नव्हती. म्हणून ती शेजारच्या सांता क्लारा विद्यापीठाच्या मैदानावर खेळून, डॅलस बॅप्टिस्टला हरवून हा संघ ओमाहाला पोचला. ओमाहाचे नवे स्टेडियम त्याच वर्षी सुरू झाले होते. तिथे ते व्हर्जिनियाकडून हरले, टेक्सास ए अँड एमवर ७-३ असा विजय मिळवला, आणि मग पुन्हा व्हर्जिनियाशीच गाठ पडून ८-१ असे हरून स्पर्धेबाहेर गेले. त्या वर्षीचे देशातले उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून बर्कलीच्या डेव्हिड एस्केर यांची निवड झाली. पुढच्या वसंतात बर्कलीचा संघ नेहमीप्रमाणे एव्हान्स डायमंडवर सरावाला उतरला.