वसईचे देऊळ : दगड कोणाचा, लाकूड कोणाचे?

जव्हार-मोखाड्याच्या मंडळींनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले आणि आम्ही विषय घेतला वसईच्या किल्ल्यातील एका पडक्या ख्रिस्ती देवळाचा, याचे काहींना नवल वाटेल. वसईचे ख्रिस्ती लोक आपल्या इगर्जीला देऊळच म्हणतात, तेव्हा आम्हीही तोच शब्द ठेवतो. आपल्या डोंगरांशी त्याचे नाते काय, ते ओघाने येईलच.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा संन्याशांच्या पंथांनी किल्ल्यात मोठमोठी देवळे उठवली. पाहुणे आधी तिकडे धावतात. आम्ही मात्र समुद्राकडच्या दरवाज्याजवळच्या संत जोसेफच्या देवळात फार वेळ काढला. हे पंथाचे नव्हे, गावाचे देऊळ. बारसे, लग्न आणि मर्तिक यांचे. दर्शनी बाजूस उंच मनोरा, त्यात वर जाणारा दगडी गोल जिना, आत लांबट दालन आणि टोकाला वेदीची जागा. डोक्यावर छप्पर नाही. आभाळ थेट आत उतरते.

भिंती नीट पाहा. सगळा दगड घडीव नाही. भिंतीच्या पोटात ओबडधोबड दगड आणि चुना, वरून गिलावा. घडीव काळा दगड तेवढा दारे, खिडक्या, कोपरे नि कंगोरे यांना. पैसा आणि मेहनत कोठे घालायची याचा हिशेब चोख होता! हा वसईचा काळा दगड इतका नावाजलेला होता की गोव्याच्या बॉम जेझू देवळाच्या दर्शनी भागासाठी तो गलबतांतून नेला. तिथली बाकीची भिंत जांभ्याची आहे. घडीव दगडावर बोट फिरवले तर टाकीचे घाव लागतात.

शिलालेख सांगतो की १६०१ साली, आलेइशो द मेनेझिस आर्चबिशप असताना, हे देऊळ पुन्हा बांधले. शेजारी धर्मगुरूचेही नाव आहे. पाथरवट, गवंडी, चुना मळणारी बाई यांपैकी कोणाचेच नाही. आमचे आयुष्य मजुरांच्या संघटनेत गेले, म्हणून ही गोष्ट आम्हांला आधी दिसली असेल. पण दिसली ती खरी. मग हे देऊळ परक्यांचे, आपले त्याच्याशी काय, असे म्हणणारे आम्हांला भेटतात, त्यांना आम्ही विचारतो की हे हात परके कसे?

आता लाकूड. छप्पर गेले ते लाकडाचे होते म्हणून. वसईला जहाजे बांधत, इमारती उठत, आणि त्यासाठी लागणारा साग या डोंगरांच्या पायथ्याच्या रानांतून येई. मनोरजवळचा अशेरीगड पोर्तुगीजांनी १५५६ साली घेतला तो मुख्यतः भोवतालच्या सागाच्या रानासाठी. जव्हारचे मुकणे कोळी राजे वरच्या अंगाला होते. पोर्तुगीजांशी त्यांची कधी चकमक, कधी तह.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहात पोर्तुगीजांना कुटुंबांसह निघून जाण्यास मुभा होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची. ती कलमे वाचताना आम्हांला विजेत्याच्या शिस्तीचे कौतुक वाटले. घंटा मात्र लुटीत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हा आकडा आहे, मेणवलीच्या घंटेवर १७०७. मराठी देवळांतून त्या आजही वाजतात. वसईची रयत इथेच राहिली आणि मराठीच बोलते.

पोर्तुगीज गेले, पण रानातली वेठ गेली नाही. उंबरगाव-डहाणूच्या बाजूला १९४५ साली वारल्यांनी ती झुगारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तळवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड पडले. त्यांचे नाव दर वर्षी त्या तारखेस घेतले जाते. पुढच्या वर्षी लाकूडतोडीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली काढले, त्यात हा सारा लढा आहे. वसईला जाणाऱ्यांनी ते वाचून जावे आणि शिलालेखाशी थोडा वेळ थांबावे.