बर्फावरची पकड : हिवाळी टायर आणि मोठ्या गाड्या

मोटारी नव्या होत्या तेव्हा बर्फात किंवा चिखलात चाक जागच्या जागी फिरू लागले की चालक टायरला दोरखंड गुंडाळत. दोर काही मैलांत झिजून तुटे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड याने दोराऐवजी लोखंडी साखळी वापरली आणि 1904 मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढची तीस वर्षे हिवाळ्यात गाडी चालवायची म्हणजे साखळी जवळ बाळगायची, असेच समीकरण होते. साखळीची पकड चांगली, पण बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की ती खडखडते, रस्ता उखडते आणि स्वतःही तुटते. ती चढवायची-उतरवायची तीही रस्त्याच्या कडेला, गारठलेल्या बोटांनी. थंड देशांना खरी गरज होती ती साखळीचे काम स्वतःच करणाऱ्या टायरची.

तो टायर फिनलंडमधल्या नोकिया गावात तयार झाला. पुढे मोबाइल फोनमुळे जगभर पोचलेले हे नाव मुळात या गावाचे आहे. तिथल्या फिनिश रबर वर्क्स या कारखान्याने 1934 मध्ये ट्रकसाठी ‘केलिरेंगास’ नावाचा टायर काढला. फिनिश भाषेत ‘केलि’ म्हणजे हवामानामुळे झालेली रस्त्याची अवस्था आणि ‘रेंगास’ म्हणजे टायर. खास बर्फासाठी बनवलेला जगातला पहिला टायर म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्या पृष्ठभागावर जाडजूड आडव्या कडा होत्या. चाक फिरताना त्या बर्फात रुतत आणि गाडीला पुढे ढकलत. दोन वर्षांनी, 1936 मध्ये, मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलीत्ता’ आला. हे नाव तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांवरून घेतले होते आणि हाक्कापेलीत्ता या नावाचे टायर आजही विकले जातात.

बर्फातल्या पकडीचे एक मर्म आहे. हातात भुसभुशीत बर्फ घेऊन दाबला की घट्ट गोळा होतो, कारण बर्फ बर्फाला धरतो. टायरच्या खोल खाचांतही तेच घडते. खाचांत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरलेला दिसला तर तो दोष समजू नये. टणक गोठलेल्या काचबर्फावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे रुतायला काही नसते, आणि तापमान शून्याच्या आसपास असेल तर वर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. उणे वीस अंशांतल्या कोरड्या बर्फापेक्षा शून्य अंशाचा ओलसर बर्फ जास्त दगा देतो, तो या थरामुळे.

काचबर्फावरचा पहिला मोठा उपाय खिळ्यांचा होता. टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण द्रव्याचे बारीक टोक धातूच्या आवरणात बसवून ते टायरमध्ये ठोकायचे. टोक रबराबाहेर जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर डोकावते. 1960 च्या दशकात हे टायर नॉर्डिक देशांपासून उत्तर अमेरिका आणि जपानपर्यंत पसरले. त्यांनी बर्फावर अनेकांना सुखरूप घरी पोचवले, पण बर्फ नसलेल्या दिवशी तेच खिळे डांबर कुरतडू लागले. रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या. जपानमधल्या सेंदाई शहरात वसंत ऋतूत झिजलेल्या डांबराची धूळ हवेत दाटू लागली आणि हा नागरिकांच्या आरोग्याचा प्रश्न झाला. पश्चिम जर्मनीने 1970 च्या दशकाच्या मध्यास खिळ्यांवर बंदी घातली होती. जपानने 1990 मध्ये कायदाच केला. स्वीडन आणि फिनलंडमध्ये हिवाळ्यापुरते खिळे चालतात, पण स्टॉकहोमच्या हॉर्न्सगातान या रस्त्यावर 2010 पासून त्यांना मनाई आहे.

खिळे गेल्यावर सगळा भार रबरावर आला, आणि या इतिहासातले सर्वात मोलाचे काम तिथेच झाले. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात नीट बसत नाही आणि पकड घटत जाते. म्हणजे बर्फाचा कणही नसला तरी नुसत्या थंडीने गाडी थांबायला जास्त अंतर घेते. जपानच्या ब्रिजस्टोनने 1988 मध्ये आणलेल्या ‘ब्लिझॅक’ टायरचे रबर सूक्ष्म छिद्रांचे होते. ती छिद्रे बर्फावरचा पाण्याचा थर शोषून घेत. 1990 च्या दशकात रबरात काजळीच्या जोडीने सिलिका मिसळण्याची पद्धत रुळली आणि थंडीत मऊ राहूनही ओल्या रस्त्यावर धरणारे रबर मिळू लागले. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. ठोकळा दबला की चिरा उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फाला ओरखडतात.

अमेरिकेत मात्र वाट वेगळी होती. गुडइयरने 1977 मध्ये ‘टिएम्पो’ हा बारमाही टायर आणला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची सवय मागे पडू लागली. 1984 ची जीप चेरोकी आणि 1990 ची फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांनी एसयूव्ही कुटुंबाच्या अंगणात आणली, तीही बहुधा बारमाही टायरवरच. त्या टायरवर ‘एम अधिक एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे असत. पण ती अक्षरे नक्षीच्या आकारावरून कारखानदार स्वतःच देत. बर्फावर चाचणी घेण्याची अट नव्हती. हा गोंधळ दूर करण्यासाठी 1999 मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या टायर उद्योगाने तीन शिखरे आणि आत हिमकण असे चिन्ह ठरवले. दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त ओढ मिळाली, तरच ते चिन्ह लावता येते.

एसयूव्हीमुळे एक गैरसमजही फोफावला, आणि त्यात माणसांचे जीव गुंतलेले असल्याने तो नीट समजून घ्यायला हवा. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी बर्फातून झटकन निघते, चढ चढते आणि चालकाला वाटते की पकड भरपूर आहे. पण ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना फोर बाय फोर गाडीला जास्तीचे काहीच मिळत नाही. उलट अडीच टनांची गाडी वेगात असेल तर तिचा रेटा लहान मोटारीच्या दुप्पट असतो. गाडी निघते ती चारही चाकांच्या जोरावर, थांबते मात्र टायरच्या जोरावर. म्हणूनच मोठ्या गाडीला हिवाळी टायर लागत नाही ही समजूत घातक आहे.

कायदे उशिराच आले. कॅनडातल्या क्वेबेकने 2008 च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. शेजारच्या ऑन्टारिओत ती सक्ती नाही. तिथे 2016 पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर हप्त्यात सूट द्यावी लागते. त्यामुळे टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात हा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. जर्मनीत 2010 पासून हिवाळी परिस्थितीत योग्य टायर बंधनकारक आहेत, आणि 2018 पासून बनलेल्या टायरवर शिखर-हिमकणाचे चिन्ह असावेच लागते.

मोठ्या एसयूव्हीसाठी टायर निवडताना हा सगळा इतिहास उपयोगी पडतो. बाजारात दोन घराणी आहेत. नॉर्डिक जातीच्या टायरचे रबर अतिशय मऊ. गोठलेल्या, न वितळणाऱ्या रस्त्यांसाठी ते उत्तम, पण ओल्या महामार्गावर वेगात ते लिबलिबते. आल्प्सच्या परिसरासाठी बनलेला टायर थोडा कडक, पाऊस, चिखलबर्फ आणि वेग सांभाळणारा. दोन टनांवरची गाडी महामार्गावर नेहमी धावणार असेल तर दुसरी जात बरी.

त्यानंतर रुंदी. शोरूममध्ये ऐटदार दिसणारा 295/35 आर 21 टायर आणि साधा 255/55 आर 18 टायर यांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे 74 सेंटिमीटर भरतो. पण दुसरा 4 सेंटिमीटर अरुंद आहे. अरुंद टायर सैल, ओला बर्फ कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. रुंद टायर त्यावर तरंगतो. शिवाय दुसऱ्याची बाजूची भिंत उंच असल्याने बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते. गाडी बनवणाऱ्याने परवानगी दिलेली सर्वात लहान रिम हिवाळ्यासाठी निवडण्यामागे हे साधे कारण आहे. आकार बदलला तरी भारांक कमी करता येत नाही : 109 भारांकाचा टायर 1030 किलो पेलतो, 100 चा फक्त 800. जड विजेच्या गाड्यांसाठी आता ‘एचएल’ खुणेचे आणखी दणकट टायर निघाले आहेत.

टायर चारही बदलावेत. दोनच बदलले तर पुढची आणि मागची पकड वेगळी होऊन वळणावर गाडी फिरते. गोटा झालेला टायर कुठेच चालत नाही, पण बर्फात मर्यादा त्याच्या बऱ्याच आधी येते. स्वीडनमध्ये हिवाळ्यात नक्षीची खोली किमान 3 मिलिमीटर लागते, ऑस्ट्रियात 4. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वय सांगतात : 3523 म्हणजे 2023 सालचा 35 वा आठवडा.

हिमालयात मात्र साखळीचेच राज्य आहे. मनालीहून अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फ पडला की पोलीस बहुधा साखळी लावलेल्या फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. मोठ्या एसयूव्हीत इथेही रुंदीच आडवी येते. रुंद टायर आणि चाकावरचा पत्रा यांत साखळी मावेल इतकी जागा उरत नाही, म्हणून अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत साखळी फक्त अरुंद आकाराच्या टायरवरच लावावी, असे बजावलेले असते.